आवाज कमी केलेली बंदूक

मित्रांनो, बंदूक बोलते आहे म्हणून दचकू नका. मी छऱ्याची बंदूक आहे, तीही म्हातारी. माझ्यात दारू नाही, काडतूस नाही. आहे ती एक स्प्रिंग, चामड्याची एक चकती आणि मूठभर हवा. माझी नळी खाली मोडली की स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटते, पुढची हवा रेटते आणि ती हवा छऱ्याला ढकलते. आयुष्यभर मी एवढेच केले, दाबून घेतले आणि सुटले. त्यामुळे आता फार दमले आहे, हे आधीच सांगून ठेवते. बोलता बोलता मधेच थांबले तर समजून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि त्यावर डाव्या अंगाला एक गाठ आहे. माल तपासणाऱ्याने ती गाठ पाहून मला नापासांच्या ढिगात ठेवले होते. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. पोटभर जेवून आल्यावर त्याला मी कोणत्या ढिगातली ते आठवेना, आणि अशी मी पास झाले. या जगात येण्यासाठी मला त्याच्या भरल्या पोटाचे उपकार मानावे लागतात.

तिथून मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. कारखान्याच्या गोदामामागे एक अरुंद, लांब खोली होती आणि पाळी सुटल्यावर कामगार तिथे नेमबाजी करत. आम्ही तिथे सहा बंदुका होतो. मी चार नंबरची. दमलेभागलेले लोक हात पुसत आत येत आणि आधी विचारत, चार नंबर मोकळी आहे का? खरे सांगते, ते ऐकून माझी छाती फुगायची. पाच नंबरच्या बंदुकीला मी आवडत नसे, पण तिची नळीच जरा डावीकडे झुकलेली होती, त्याला मी काय करणार!

मला सर्वांत चांगले ओळखायचे ते फिटरकाका. बुटके, कानांवर केसांचे झुपके, बोलणे मोजके. कारखान्यातला बिघडलेला पंप त्यांच्या हाताखालून गेला की पुन्हा कुरकुर करत नसे. कारखान्याच्या स्पर्धेत त्यांनी मला घेऊन लागोपाठ तीन वर्षे ढाल जिंकली. ऑफिसच्या भिंतीवर आमचा दोघांचा फोटो लागला होता. फोटोत ते गंभीर आहेत आणि मी चकचकीत आहे.

पुढे त्या खोलीत जुन्या फायली ठेवायचे ठरले आणि आम्हा सहा जणींना भंगारात काढायचा हुकूम निघाला. फिटरकाकांनी साहेबांकडे शब्द टाकून मला मागून घेतले आणि जुन्या चादरीत गुंडाळून सायकलवरून घरी नेले. घरी काकूंनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि हिला आता कुठे बसवणार म्हणून विचारले. काकांनी कपाटाच्या डोक्यावर बोट दाखवले. तिथे मी सोळा वर्षे पडून होते. एका बाजूला मोडक्या छत्रीच्या काड्या, दुसऱ्या बाजूला बिनपात्याचा पंखा. वर्षातून एकदा झाडूचा शेंडा अंगावरून फिरायचा, तेवढीच काय ती माझी विचारपूस. चामडे सुकले, तेल चिकट झाले. कुणी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. त्यांना माझी आठवणच नव्हती, आणि ते जास्त लागते.

मग काकू गेल्या. घरात उरले फिटरकाका आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर नोकरीला. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. सूनबाई इस्पितळात नर्स होती आणि तिला कायमची रात्रपाळी होती. सकाळी साडेआठला ती घरी येई, चहा घेई, काकांची गोळ्यांची डबी तपासून बघे आणि दहाच्या सुमारास झोपे ती चारला उठे. म्हणजे दिवसभर काका जागे आणि सून झोपलेली. एका घरात राहून दोघांची भेट होई ती चहाच्या दोन कपांपुरती.

काकूंच्या मागे काका नुसते बसून राहू लागले. ज्या हातांनी आयुष्यभर पाने-पक्कड धरले, ते हात मांडीवर ठेवून दिवस ढकलायचे, दुसरे काय! एका दुपारी कसली तरी किल्ली शोधताना त्यांचा हात कपाटावर माझ्या नळीला लागला. त्यांनी मला खाली घेतले, फुंकर मारली आणि किती तरी वेळ माझ्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी मागच्या व्हरांड्याच्या टोकाला लाकडी पेटी आली, तिच्यात ओली माती भरली गेली आणि वर कागदी कार्ड टाचले गेले. रोज दुपारी दोन वाजता दहा छर्रे. नऊ नाहीत की अकरा नाहीत. त्यासाठी ते दाढी करू लागले, धुतलेला सदरा घालू लागले. दहा छऱ्यांच्या आधारावर माणूस उभा राहतो, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. मला डोळे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पण मित्रांनो, व्हरांड्याची ती भिंत आणि सूनबाईच्या खोलीची भिंत एकच होती.

माझा आवाज नळीच्या तोंडातून फारसा येत नाही. तो येतो पोटातून. इतक्या वर्षांत माझी स्प्रिंग सैल पडली होती. सुटली की ती आतल्या आत थरथरायची, नळकांड्याला घासायची आणि ‘किण्ण’ असा लांब आवाज काढायची. काकांची पाठ भिंतीला टेकलेली असे. तो थरकाप माझ्यातून त्यांच्या खांद्यात, खांद्यातून भिंतीत आणि भिंतीतून थेट सूनबाईच्या उशीपर्यंत जायचा. दिवसातून दहा वेळा. काकांनी एकदा तिला विचारलेही होते की माझ्या खटाटोपाने तुझी झोप मोडत नाही ना. ती म्हणाली, छे हो बाबा, मी पाठ टेकली की मेल्यासारखी झोपते. पहिल्या छऱ्याला पलंग करकरायचा ते मला भिंतीतून कळायचे, पण बंदुकीला कोण विचारतो?

असे आठ-नऊ महिने चालले. एका सकाळी ती घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलू लागली. काका दारामागे तेलाची बुधली शोधत होते, ते तिने पाहिले नाही. आदल्या पाळीत तिने सहा नंबरच्या रुग्णाचे इंजेक्शन भरले आणि नऊ नंबरच्या म्हातारीच्या उशाशी जाऊन उभी राहिली. सुई टोचणार तेवढ्यात सोबतच्या नर्सने तिचा हात धरला. थोडक्यात निभावले. एवढे सांगून ती रडू लागली.

“झोपच होत नाही रे मला,” ती म्हणाली. “बाबांना काही बोलू नकोस. त्यांच्याकडे तेवढं एकच आहे.”

त्या दिवशी दोन वाजले आणि काकांनी मला बाहेर काढले नाही. तिसऱ्या दिवशी मी चादरीत गुंडाळली गेले. आठवड्याभरात त्यांची दाढी वाढली, सदऱ्याची बटणे एक घर चुकून लागू लागली. सूनबाईची झोप मात्र पुरी होऊ लागली, आणि झोप पुरी झालेल्या माणसाला दिसू लागते तसे तिला सगळे दिसले. बंदूक का काढत नाही म्हणून तिने विचारले तर काका म्हणाले, छर्रे संपलेत. तिने फडताळ उघडले. आत छऱ्यांचे दोन डबे काठोकाठ भरलेले होते.

तिने चादर सोडली आणि मला जेवणाच्या टेबलावर आणून आडवे केले.

“बाबा, तुम्ही आयुष्यभर पंपांचे आवाज बंद केलेत,” ती म्हणाली. “हिचा करा. नाहीतर मी हिला विकते आणि तुम्हाला पत्त्यांचा जोड आणून देते.”

काकांना पत्त्यांचा तिटकारा होता. ते लगेच कामाला लागले. आणि इथे त्यांच्या हातून ती चूक झाली, जी फक्त एक पट्टीचा फिटरच करू शकतो. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकच मंत्र होता: आवाज आला की तेल घाला. त्यांनी माझी नळी मोडली, हवा बाहेर पडायचे जे बारीक भोक असते त्यात बुधलीचे तोंड लावले आणि अर्धी बुधली आत रिकामी केली. वर मला दोनदा उलटीसुलटी करून तेल नीट मुरवलेही. मी काय ओरडून सांगणार होते?

मित्रांनो, मी पंप नाही. माझ्या चकतीपुढची हवा क्षणात इतकी दाबली जाते की ती तापते. तिथे तेल असले तर ते पेट घेते. दुपारी दोन वाजता काकांनी समाधानाने चाप ओढला आणि माझ्या तोंडून असा बार निघाला की गल्लीतली झाडून सगळी कुत्री भुंकू लागली. नळीतून निळा धूर आला. माझी चकती करपली आणि स्प्रिंगचा वीतभर तुकडा पडला. मातीच्या पेटीचे मागचे फळकूट निघून आले. सूनबाई केस मोकळे, डोळे तारवटलेले, अशी दारात येऊन उभी राहिली. तिने धुराकडे पाहिले. मग काकांकडे पाहिले.

“हा कमी केलेला का?” तिने विचारले.

काका खाली मान घालून बसले. ती आत गेली, पाणी प्यायली आणि मला वाटते पाण्याचा पेला हातात धरूनच हसली. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात कुणी हसले, पण माझ्या पोटात स्प्रिंगचे दोन तुकडे होते आणि मला हसू येण्यासारखे काही नव्हते.

काकांचा एक जुना सोबती लेथ चालवायचा. त्याचे कान यंत्रांनी खाल्ले होते, त्यामुळे तो साधी वाटही छप्पर उडेल अशा आवाजात विचारायचा. लोक त्याला कुजबुज म्हणत. आवाज कमी करायला बहिऱ्याकडे जायचे म्हणजे काय, असे मला वाटले. पण कुजबुजने मला हातात घेतले, काकांची हकीकत ऐकली, म्हणजे काकांनी ती त्याच्या कानात तीनदा सांगितली, आणि म्हणाला, “पंप समजलास होय हिला?” ते शेजारच्या तिन्ही दुकानांत ऐकू गेले.

त्याने मला पूर्ण उघडले. चाळीस वर्षांत माझ्या आत उजेड प्रथमच शिरला. जळके तेल, काळा चिकटा, चामड्याचा चुरा, सगळे त्याने चिंधीने पुसून काढले. नवी स्प्रिंग आणली, ती जुनीपेक्षा आखूड. तिची दोन्ही टोके दगडावर घासून काचेसारखी गुळगुळीत केली. मग नायलॉनचा एक दांडा लेथवर चढवला आणि तो केसाकेसाने उतरवत स्प्रिंगच्या आत घट्ट बसेल असा केला. सैल राहिले तर ती नाचणार, नाचली की किणकिणणार, एवढे साधे होते ते. स्प्रिंगला जाड, मधासारखे ग्रीस लावले, तेही चकतीच्या मागे, पुढे थेंबभर नाही. चामड्याची नवी चकती कापून चरबीत भिजत ठेवली. दहा पावलांवरचा कागद फाडायला हत्तीचे बळ कशाला, म्हणून माझा जोरही त्याने मुद्दाम उतरवला.

आवाज तो कानाने ऐकूच शकत नव्हता. तो डावा तळहात माझ्या पोटावर ठेवायचा, काकांना छर्रा मारायला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग मान हलवून मला पुन्हा उघडायचा. असे सात वेळा झाले. आठव्या वेळी त्याने हात तसाच ठेवला आणि, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच, हळू बोलला. “गेला,” तो म्हणाला.

आता माझा आवाज पुस्तक मिटल्यासारखा येत होता. पहिल्या दुपारी काकांनी भिंतीपासून वीतभर पुढे खुर्ची घेतली, एक छर्रा मारला आणि कान देऊन बसले. पलंग करकरला नाही. दुसरा मारला. दहाच्या दहा झाले. सूनबाई चारला उठून आली तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. त्या संध्याकाळी काकांनी मला इतके पुसले की मला कंटाळा आला.

ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत शांत वर्षे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही, आणि हेच त्यांचे सुख होते.

नंतर काकांचा उजवा खांदा उतरला. आधी नळी मोडताना ते ओठ दाबू लागले, मग दोन्ही हात लावू लागले, आणि एक दिवस नळी अर्ध्यातच अडकली. एवढी हलकी केलेली मी, तरी त्यांना जड झाले. सूनबाईने ते पाहिले. त्या दिवसापासून वेळ बदलली. ती सकाळी पाळीवरून आली, चहा झाला की व्हरांड्यात यायची, माझी नळी मोडायची, छर्रा बसवायची आणि मला त्यांच्या हातात द्यायची. ते मारायचे. पुन्हा ती. दहा वेळा. गंमत बघा, तिला झोपू देण्यासाठी माझा आवाज काढून घेतला, आणि आता प्रत्येक छऱ्याला ती जागी राहून माझ्या शेजारी उभी!

काकांना ते कळत होते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे त्यांना दिसत होती. त्यांनी दहाचे आठ केले, म्हणाले, हात भरून येतो. आठाचे पाच केले. ती म्हणायची, मला कुठे झोप येतेय बाबा, अजून दोन मारा. दोघेही धडधडीत खोटे बोलत, आणि मी मधे असल्यामुळे दोन्हीकडचे खोटे मला ऐकावे लागे.

मग तो दिवस आला. इस्पितळात दोघी नर्स आजारी पडल्या होत्या आणि सूनबाईने रात्रपाळीला जोडून दिवसपाळी, त्याला जोडून पुन्हा रात्रपाळी केली होती. ती घरी आली ती भिंतीला धरून. काका म्हणाले, आज राहू दे. ती ऐकेना. तिने नळी मोडली, छर्रा बसवला, मला त्यांच्या हातात दिले आणि त्यांच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर टेकली. काकांनी माझे तोंड मातीच्या पेटीकडे करून मला कठड्यावर टेकवले, गाल लावला, श्वास धरला. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याला काहीतरी लागले. सूनबाईची मान कलून तिचे डोके तिथे टेकले होते. ती झोपली होती.

आता मला एक सांगू द्या. ताणलेली स्प्रिंग रिकामी करायचे दोनच मार्ग असतात. एक, चाप ओढायचा. दुसरा, नळी घट्ट धरून हळूहळू परत आणायची, आणि तेवढी ताकद काकांच्या खांद्यात उरली नव्हती. चाप ओढला तर आवाज पुस्तक मिटण्याएवढाच, पण ती हातभर अंतरावर होती. शिवाय नर्सची झोप तुम्हाला माहीत नाही. सलाइनची बाटली संपली तरी त्या जाग्या होतात.

काकांनी चापावरचे बोट काढले. मला तसेच पेटीकडे रोखून धरले आणि बसून राहिले.

नऊ वाजले होते. ऊन कठड्यावर आले, मग त्यांच्या पावलांवर. पोस्टमनने फाटक वाजवले, तर काकांनी त्याच्याकडे असे डोळे वटारून पाहिले की तो पत्र पायरीवर ठेवून चवड्यावर निघून गेला. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, ते मला त्यांच्या खांद्यातून कळत होते. हलले मात्र नाहीत. आणि मी? मित्रांनो, स्प्रिंग ताणलेली ठेवणे ही आमच्या जातीला दिलेली सर्वांत मोठी शिक्षा आहे. पाच मिनिटे सोसवतात. पुढे एकेक वेढा आपला मूळ आकार विसरू लागतो, आणि विसरलेला आकार पुन्हा आठवत नाही. मला ओरडावेसे वाटत होते. पण माझा आवाज तर कुजबुजने काढून घेतला होता, आणि असता तरी मी ओरडले असते का, मला सांगता येत नाही.

सूनबाई एक वाजता जागी झाली. आधी तिला कळेना आपण कुठे आहोत. मग तिने कठड्यावर मला पाहिले, उन्हात लाल झालेला काकांचा चेहरा पाहिला, घड्याळ पाहिले.

“बाबा, अजून मारला नाहीत?”

“नेम धरत होतो,” काका म्हणाले.

तिने त्यांच्या आखडलेल्या खांद्यावर हात ठेवला आणि काकांनी चाप ओढला. छर्रा कार्डाच्या मध्यापासून बोटभर खाली लागला.

तेव्हापासून माझा प्रत्येक छर्रा बोटभर खाली लागतो. कुजबुजने तळहात ठेवून पाहिले आणि स्प्रिंग बसली आहे, बदलून टाकू, असे साऱ्या गल्लीला कळवले. काका नको म्हणाले. ते आता बोटभर वर नेम धरतात. रोज एकच छर्रा मारतात, तोही सूनबाईची सुट्टी असेल त्या दिवशी, ती झोपून उठल्यावर.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी जुनी असेल तर तिला कपाटावर विसरू नका. नको तिथे तेल ओतू नका. छऱ्याशिवाय चाप ओढू नका आणि माणसाच्या दिशेने तोंड तर कधीच करू नका. भिंतीपलीकडे कोण झोपले आहे ते आधी बघा, आणि त्या माणसाने झोप मोडत नाही म्हटले तरी लगेच विश्वास ठेवू नका. आणि स्प्रिंग कधीही ताणून ठेवू नका, ती थकते आणि परत पहिल्यासारखी होत नाही. मी त्या चार तासांत थकले ती आजही थकलेलीच आहे. पण त्या चार तासांत सूनबाई झोपली होती, म्हणून त्या तासांबद्दल माझी काही तक्रार नाही.